गोरड सरांची अकरावी

गोरड सर मला फार आवडायचे असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमच्या दोघांच्या लॅबच्या मधे एक लाकडी पार्टिशन होतं, वरून उघडं. माझ्याकडचा वास त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा आवाज माझ्याकडे यायचा. अमोनियाच्या दिवशी ते चकार शब्द काढायचे नाहीत, आणि त्यांच्या अकरावीच्या तासाला मी तक्रार केली तरी उपयोग नसायचा. साताऱ्यातलं आमचं ज्युनिअर कॉलेज तसं लहान. फिजिक्सला ते एकटे, केमिस्ट्रीला मी एकटी. एवढी वर्षं पार्टिशनच्या अलीकडे बसून बसून मला दोरीची गणितं येऊ लागली. मला ती यायची काही गरज नव्हती, पण कान काही बंद करता येत नाहीत.

माणूस उंच, थोडा वाकलेला. पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात खडू. त्यामुळे खिसा कायम शर्टापेक्षा पांढरा दिसायचा. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. घरात मेंढरं होती, अजून आहेत. धाकटा भाऊ ती राखतो. बायको गावाकडेच असायची, सर गोडोलीत खोली घेऊन राहायचे. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी वाईची, आम्हाला चौकशा करायची सवय असते, पण त्यांच्यापुढे ती चालायची नाही. का चालायची नाही ते पुढे येईलच.

त्यांच्या कपाटात अंगठ्याएवढी जाड दोरी होती. घायपाताच्या पानांतला धागा, वाख म्हणतात तो, काढून भावानं वळून दिलेली. लॅबला सरकारी खर्चातून आलेली नायलॉनची दोरी होती, पण ती ते वापरायचे नाहीत. पुस्तकात लिहिलेलं असतं, दोरी वजनरहित आहे आणि लांबत नाही असं समजा. हे वाक्य आलं की ते दरवर्षी थांबायचे आणि म्हणायचे, “आशी दोरी दहिवडीच्या बाजारात घावली तर माझ्यासाठी पन घ्या. तवर आपली हीच.” पोरं हसायची. सर हसायचे नाहीत, पण पोरांचं हसून होईपर्यंत थांबायचे.

पहिल्या तासाला दोन पोरं बाकांमधे उभी करायची, दोरीचं एकेक टोक दोघांच्या हातात द्यायचं. ओढा म्हणायचं. मग दोरीच्या बरोबर मधे बोट ठेवून विचारायचं, “हितं काय हाय?”

पोरं दोरीकडे बघायची. दोरीच्या मधे काय असणार? दोरीच असणार.

“हितं कापली आसं समजा. आता ह्ये टोक जागच्या जागी धरून ठेवायला किती जोर लागंल? तेवढं टेन्शन. बास.”

टेन्शन या शब्दावरचा विनोद त्यांच्यापुढे एकदाच कुणीतरी केला होता म्हणे. त्यांनी त्या मुलाला विचारलं, “झालं?” आणि पुढचं गणित घातलं. त्यानंतर कुणी केला नाही.

पुढचा टप्पा म्हणजे त्यांचं ते “एकट्याचं चित्र”. पुस्तकात त्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, पण आमच्या कॉलेजात एकट्याचं चित्र म्हटल्याशिवाय कुणाला कळत नसे. गणितात दोन ठोकळे असोत, कप्पी असो, उतार असो, आधी एकच वस्तू उचलायची. फळ्यावर फक्त तिचा गोल काढायचा, बाकी सगळं पुसायचं. मग विचारायचं, हिला शिवलंय कोण? दोरी शिवली असेल तर दोरीचा एक बाण, टेबल शिवलं असेल तर टेबलाचा एक. न शिवता ओढणारी एकटी पृथ्वी, तिला एक बाण फुकट. इतर कुणाचंही नाव घ्यायचं नाही.

“शिवाशिवी खेळलाय न्हवं लहानपनी? मग. ज्यो शिवला न्हाई त्येच्यामुळं आपल्यावर राज्य न्हाई.”

आता हे ऐकायला सोपं आहे, पण आमच्याकडच्या पोरांची यात एक ठरलेली चूक व्हायची, आणि ती चूक पुण्यामुंबईच्या पोराकडून होणार नाही. पुस्तकात आगगाडीचे डबे असतात, सर त्याच्या जागी ट्रॅक्टर घ्यायचे. एक ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांमधल्या पिनेवर किती जोर येतो, काढा. पोरं मागच्या ट्रॉलीचा गोल काढायची आणि तिला ट्रॅक्टरचा बाण लावायची. कारण घरी रोज पाहिलेलं, ट्रॅक्टरच ओढतो. किती अश्वशक्तीचा, कोणत्या कंपनीचा, चढाला कसा रडतो, सगळं त्यांना तोंडपाठ. ट्रॅक्टरचा मान राखायला पाहिजे, म्हणून बाण ट्रॅक्टरचा.

सर खडू खाली ठेवायचे. “ट्रॅक्टर मागच्या ट्रॉलीला शिवलाय का?”

“न्हाई सर, पर ओढतोय की त्योच.”

“शिवलाय का?”

“न्हाई.”

“मग खोडा.”

खोडायला पोरांना जीवावर यायचं. एकदा कोरेगावकडचा एक मुलगा हट्टालाच पेटला, म्हणाला, सर, ट्रॅक्टर बंद करा आणि बघा मागची ट्रॉली जाते का. सर म्हणाले, “तुज्या आज्यानं ट्रॅक्टर घ्येतला म्हनून तू ऊस खातोस. म्हनून आज्जा तुज्या दातात हाय का?” मी अलीकडे ब्युरेट भरत होते, हसू आवरेना म्हणून ब्युरेट सांडली. मग त्यांनी त्याच मुलाला विचारलं की भरल्या गाडीची पिन तुटते तेव्हा कोणती तुटते, पुढची का मागची? मुलगा लगेच म्हणाला, पुढची. का? तर तिच्यावर दोन्ही ट्रॉल्यांचा भार. “मग झालं की गनित. आता आकडं घाल.” असं त्यांचं चालायचं. एका तासाला एक गणित, फार तर दीड.

हे शिवाशिवीचं प्रकरण गणितापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. ते स्टाफरूममधेही चालायचं. कुणी सांगायला लागलं की अमक्या सरांनी तमक्या मॅडमना काय म्हटलं, तर हे पेपर तपासता तपासता विचारणार, “तुमाला शिवलंय का?” नाही म्हटलं की परत पेपरात. गप्पांचा रंगच जायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, सर, सगळंच काही शिवल्यावर बोलायचं नसतं, माणसाला थोडी करमणूक लागते. ते म्हणाले, “करा की. म्या कुटं आडवलंय?” आणि खरंच अडवायचे नाहीत, नुसते बसलेले असायचे. पण त्यांच्यासमोर मजा यायची नाही.

एकदा मात्र ते माझ्या कामी आलं. एका मीटिंगमधे सगळ्यांसमोर माझ्या निकालावरून मला बोल बसले होते, आणि मी लॅबमधे येऊन एकटीच भांडी आपटत होते. सर पार्टिशनला वळसा घालून आले. कागदावर एक गोल काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “ह्या तुमी. सांगा, कोन कोन शिवलंय.” मी सांगत गेले. उपप्राचार्य, ते बोलले तेव्हा हसणारे दोघे, न हसता खाली बघणारे सगळे, घरी कळलं तर सासूबाई काय म्हणतील ते. ते प्रत्येकाला विचारत गेले आणि मी खोडत गेले. शेवटी उपप्राचार्यांचं एक वाक्य उरलं. सर म्हणाले, “येवढ्याचं उत्तर द्या. बाकी सोडा.” मला राग आला, कारण मला जरा सहानुभूती हवी होती आणि ती त्यांनी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तेवढ्याच वाक्याचं उत्तर दिलं आणि विषय मिटला.

गॅदरिंगच्या पडद्याची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. स्टेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोर बांधून त्यावर जड मखमली पडदा सोडायचा होता. शिपाई लोकांनी बांधला, पडद्यानं मधे झोळ आला. प्राचार्य शिस्तीचे, म्हणाले, झोळ दिसता कामा नये, आवळा. आमच्याकडे दोर आवळून बांधणं हे मर्दपणाचं लक्षण. गाडीवर ऊस बांधताना, मांडव घालताना, ज्याचा दोर ढिला त्याची अब्रू गेली. दोघं तिघं चढून भिंतीला पाय लावून आवळायला लागले. गोरड सर खाली खुर्च्या मांडत होते. ते प्राचार्यांना म्हणाले, “सर, ऱ्हाऊ द्या झोळ. दोर जितका सरळ कराल तितका भिंतीला जड जातोय. पडदा खाली वढतोय, त्येला वर धरायला दोर तिरका पायजे. सरळ दोर वर धरतच न्हाई, नुसता आडवा वढतोय.”

प्राचार्य म्हणाले, “गोरड सर, हा तास नाही.”

“बरं,” म्हणून सर खुर्च्या मांडायला गेले.

पाहुण्यांचं भाषण चालू असताना भिंतीतला हूक विटेच्या तुकड्यासकट बाहेर आला आणि पडदा पाहुण्यांच्या अंगावर. कुणाला लागलं नाही. पाहुणे पडद्यातून बाहेर यायला धडपडत होते. मी गोरड सरांकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचाही चेहरा अशा वेळी काहीतरी बोलून गेला असता. हे उठले, पाहुण्यांचा चष्मा शोधून दिला आणि पुन्हा येऊन बसले. पुढच्या वर्षी झोळ ठेवला गेला, आणि तो प्राचार्यांच्या सूचनेवरून ठेवला असं इतिवृत्तात आलं. सरांना विचारलं तर म्हणाले, पडदा पडला न्हाई न्हवं.

आता प्रतीक्षाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येतं.

प्रतीक्षा त्यांच्या शेवटच्या अकरावीतली. साताऱ्याच्या उत्तरेच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, इंजिनिअर व्हायचं पक्कं. पहिल्या चाचणीत सरांनी तिला एका गणिताला शून्य दिलं. गणित असं, विहिरीतून बादली एकाच संथ वेगानं वर ओढली जाते, दोरीत टेन्शन किती? तिनं एका ओळीत उत्तर लिहिलं, जेवढं बादलीचं वजन तेवढं. उत्तर बरोबर होतं. चित्र काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. मिशी, ताठ मान, हातात पेपर. मी अलीकडे होतेच.

“आवं सर, उत्तर बराबर हाय का न्हाई?”

“बराबर हाय.”

“मग भोपळा कशाचा?”

“त्ये बराबर आलंय, तिनं आनलेलं न्हाई. खालचं गनित बघा. त्यात बादली वाढत्या वेगानं वर घ्येतली हाय. तितं पन तिनं त्येच लिवलंय. ती दर येळी त्येच लिवनार.”

हवालदारांना ते पटलं नाही. मग सरांनी स्प्रिंग बॅलन्स काढला, त्याला हवालदारांचीच पिशवी अडकवली आणि त्यांच्या हातात दिला. “धरा. काटा बघून ठेवा. आता झटक्यात वर घ्या.” काटा खाली पळाला. हवालदारांनी पुन्हा केलं, पुन्हा पळाला. मग त्यांना फौजेतलं काही आठवलं असावं, कारण आवाज बदलला.

“व्हय. दोरावरनं हिसक्यानं चढलं की दोर करकरतोय. आमी बगितलंय त्ये.”

“तुमाला म्हायती हाय. पोरीला न्हाई. ती म्हनती दोराला सगळं सारखंच.”

“पटलं. पर मार्क?”

“मार्क न्हाईत.”

हवालदार गेले, पण जाताना पायऱ्यांवर जे बोलले ते मला इथे लिहिता येणार नाही. प्रतीक्षा मात्र त्या दिवसापासून बदलली. रोज तास संपल्यावर थांबायची, एकट्याची चित्रं काढून दाखवायची. चूक असली की सर नुसते बाणावर बोट ठेवायचे आणि ती म्हणायची, “शिवलं न्हाई,” आणि खोडायची. ऑगस्टपर्यंत तिला कप्पीवरची दोन वजनं, उतारावरचा ठोकळा, एकाला एक बांधलेली तीन वजनं, सगळं यायला लागलं होतं. सावकाश यायचं. एका गणिताला पाव तास. पण यायचं.

त्याच वर्षी आमच्या संस्थेनं बाहेरच्या एका क्लासवाल्यांशी करार केला. अकरावीच्या दोन तुकड्या झाल्या. ए तुकडीला क्लासचे शिक्षक कॉलेजातच येऊन शिकवणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, प्रवेशपरीक्षेची तयारी, दर आठवड्याला टेस्ट. बी तुकडी जुनी, आमची. मुलांनी जिथं हवं तिथं जायचं. सप्टेंबरअखेर जी पटसंख्या भरेल तीवर पद ठरतं, हे शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. बी तुकडीचा पट कमी पडला की तुकडी बंद, आणि तुकडी बंद की फिजिक्सचे गोरड सर अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाचं जिल्ह्यात नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात कुठेतरी समायोजन करतात, जिथं जागा असेल तिथं, जो वर्ग असेल तो. मी वाचले, कारण ए तुकडीच्या प्रॅक्टिकलला केमिस्ट्रीचं माणूस त्यांना कॉलेजचंच हवं होतं. फिजिक्सला त्यांनी त्यांचा आणला होता.

पोरं जायला लागली. आधी साताऱ्यातली, मग एमआयडीसीतल्या साहेबांची. सर रोज तेवढ्याच आवाजात शिकवायचे. सप्टेंबर अर्धा सरला तेव्हा पट अगदी काठावर होता, आणि सगळं एका एसटीवर येऊन थांबलं. प्रतीक्षाच्या मार्गावरच्या सगळ्या मुली एकाच गाडीनं यायच्या आणि एकाच गाडीनं जायच्या. घरच्यांचं तसं ठरलेलं होतं. संध्याकाळी स्टँडवर एकटी मुलगी उभी राहिलेली कुणाच्याच घरी चालायची नाही. ए तुकडी उशिरा सुटायची, आणि बाकीच्यांच्या घरचे हुशार प्रतीक्षाकडे बघून ठरवायचे. प्रतीक्षा तिकडे गेली तर बाकीच्या तिच्या सोबतीनं तिकडे जाणार, आणि ती राहिली तर सगळ्या राहणार. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं.

प्राचार्य, तेच पडद्यावाले, स्वतः लॅबमधे आले. “गोरड सर, तुम्ही गेलेलं मला नकोय. ती मुलगी तुमचं ऐकते. तिला एवढंच सांगा, इथे थांब. बाकीचं मी बघतो.”

“बघतो सर,” गोरड सर म्हणाले.

ते गेल्यावर मी पार्टिशनच्या अलीकडून म्हटलं, “सर, सांगाल ना?” नुसता कपाट बंद केल्याचा आवाज आला.

दोन दिवसांनी तास सुटल्यावर प्रतीक्षा थांबली. मी माझ्याकडे बाटल्यांना लेबलं लावत होते. मी ऐकायला थांबले नव्हते, पण उठून गेलेही नाही.

“सर, पप्पा म्हणत्यात ए ला जा. मला काय करावं कळंना.”

“तुला काय वाटतंय?”

“मला हितं कळतंय सर. तिकडं नुसती सूत्रं देत्यात म्हणे.”

खडूचा आवाज आला. त्यांनी फळ्यावर गोल काढला असणार.

“ही तू. आता सांग, कोन कोन वढतंय.”

ती सांगत गेली. पप्पा. परीक्षा. गाडीतल्या मुली. आई, कारण आईला तिनं लवकर घरी यायला हवं होतं. सर प्रत्येकाला शिवलंय का विचारत होते आणि बाण ठेवत किंवा पुसत होते. मग ती म्हणाली, “आणि तुमी, सर.”

“मला खोड.”

“का? तुमी तर शिवलाय की. तुमीच म्हणता, शिवलं त्येला घ्यायचं.”

मी हातातली बाटली खाली ठेवली. मला वाटलं, बरोबर पकडलं पोरीनं, आता बोला.

सर त्यांच्या नेहमीच्या, गणित सांगायच्या आवाजात म्हणाले, “दोरी तुला कळली. आता तुला वेग पायजे. परीक्षेत पाव तास कोन देत न्हाई. त्यो वेग माझ्याकडं न्हाई, तिकडं हाय. तू तिकडं जा.”

“पण सर, मी गेले की…”

“त्ये तुझं गनित न्हाई.” आणि मग, “दोरी सोडली की बाण ऱ्हात न्हाई. म्या सोडली. पूस.”

डस्टरचा आवाज आला. बाण तिनं पुसला का त्यांनी, ते मला पार्टिशनमुळे दिसलं नाही.

ती गेल्यावर मी वळसा घालून गेले आणि त्यांच्यावर चिडले. चिडले म्हणजे आवाज चढवून चिडले. म्हटलं, एक शब्द बोलला असतात तर ती थांबली असती. खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं थांब म्हणायचं होतं. एवढी वर्षं शिकवून शेवटी हे? मेंढरांत जाऊन बसणार आहात का? हे शेवटचं मी बोलायला नको होतं, पण मी रागात होते, आणि राग त्यांच्यासाठीच होता. सर हातावरचा खडू झाडत होते.

“ती थांबली असती,” ते म्हणाले. “आनि पास पन झाली आसती. पर तिला जितं जायचंय तितं गेली नसती. म्या शिकवतो त्यातनं तितं जात न्हाई कुनी. मॅडम, ह्ये मला म्हायती हाय. तुमाला पन म्हायती हाय.”

मला माहीत होतं. म्हणून मी परत येऊन लेबलं लावायला लागले.

सोमवारी प्रतीक्षा ए तुकडीत बसली. मंगळवारी तिच्या गाडीतल्या बाकीच्या. महिनाअखेर तुकडी पडली, आणि जे व्हायचं ते झालं. आदेश सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा आला, जतच्याही पुढे, कर्नाटकाला टेकलेलं गाव. माध्यमिक शाळा, आठवी आणि नववी. अकरावी त्या शाळेत नव्हतीच. निरोपसमारंभ करू म्हटलं तर ते म्हणाले, म्या काय रिटायर होत न्हाई, बदलीचा कसला समारंभ. एक दिवस पार्टिशनपलीकडून आवाज यायचा बंद झाला. क्लासवाल्यांचा तरुण शिक्षक तिथे प्रोजेक्टर लावतो. शिकवतो चांगलं, पण पार्टिशन वरपर्यंत बंद करून घेतलंय आणि दार लावून शिकवतो.

सव्वादोन अडीच वर्षं गेली. बारावीच्या प्रॅक्टिकलची बहिःस्थ परीक्षक म्हणून मला जत बाजूला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता, आणि गोरड सरांची शाळा त्याच रस्त्यावर पुढे होती. मी गेले.

सर आठवीच्या वर्गातून बाहेर आले. केस पूर्ण पांढरे, बाकी तसेच. शाळेची परसबाग त्यांच्याकडे दिली होती, ती त्यांनी दाखवली. वांगी चांगली आली होती. पोरांची घरची बोली निम्मी कानडी, सर त्यांना “बा” आणि “होगु” म्हणत होते, ये आणि जा. शिपायानं चहा आणला. मी विचारलं कसं चाललंय, ते म्हणाले चाललंय. आठवीला दोरीबिरी काही नसतं, त्यांनी सांगितलं, बल म्हणजे काय एवढं एका पानात असतं, ते एका दिवसात होतं. मग वर्षभर बाकीचं.

स्टॉपपर्यंत सोडायला आले. रस्ता सरळ, दोन्हीकडे काळी बाभळ आणि दगड, मधे एकही माणूस नाही. मी त्यांना सांगायचं राखून ठेवलं होतं ते सांगितलं. प्रतीक्षाला सांगलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, हव्या त्या शाखेला. हवालदार पेढे घेऊन आले होते, स्टाफरूममधे सगळ्यांना वाटले, आणि तुमच्या नावाचे दोन माझ्याकडे दिले. एवढ्या दिवसांत ते टिकायचे नव्हते, मी खाल्ले.

सर म्हणाले, “बरं केलं.”

“म्हणजे तुम्ही तिला सांगितलंत तेच बरोबर होतं,” मी म्हटलं. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. साताऱ्याहून तेवढ्यासाठीच तर आले होते, असंही मला त्या क्षणी वाटलं.

“बराबरच हुतं,” ते म्हणाले. “त्यात काय न्हाई.”

लांबून गाडीची धूळ दिसायला लागली. सर तिकडे बघत होते.

“पर मला अकरावी पायजे हुती, मॅडम,” ते म्हणाले. “लय पायजे हुती.”

मला बोलायची सवय आहे, कुणालाही विचारा. त्या वेळी मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. त्यांनी हात करून गाडी थांबवली, कंडक्टरला सांगून मला खिडकीची जागा दिली. गाडी सुटल्यावर मी मागे वळून बघितलं. ते स्टॉपवरच उभे होते, हात मागे बांधून. त्या रस्त्यानं त्या दिवशी दुसरी गाडी यायची नव्हती.